धानात कोळी वाढले, फवारणी करू का?

प्रश्न: धान गर्भावर आहे. बांधीत (धानाच्या शेतात) चुडाचुडाला, म्हणजे धानाच्या प्रत्येक झुपक्याला, कोळी दिसतात. दुकानदार सायपरमेथ्रीन मारायला सांगतो. मारू का? (जि. भंडारा)

उत्तर: मारू नका. कोळी धानाचे पान खात नाही, रसही शोषत नाही. कोळी वाढले याचा अर्थ बांधीत त्यांचे खाद्य आहे, म्हणजे बहुधा धानाचा रस शोषणारे तुडतुडे आहेत. चूड वाकवून बुंध्याशी बघा. पाठीवर दुबेळक्यासारखा पट्टा असलेला, पाण्यावरून सरसर पळणारा तो लांडगा कोळी. हा शिकारीसाठी जाळे विणत नाही, पाठलाग करून पकडतो आणि दिवसाला 5 ते 15 तुडतुडे फस्त करतो. मादीच्या मागे पांढरट अंडकोष चिकटलेला असतो. त्यातून निघालेली 60-80 पिल्ले आईच्या पाठीवर बसून फिरतात. एक मादी मेली की ही सगळी फौज गेली.

सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन ही औषधे तुडतुड्यावर नकोतच. कोळी आधी मरतो. तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणाच्या आत असतात, त्यांना काही होत नाही. आठवडाभरात ती फुटतात तेव्हा खाणारा कोणी उरलेला नसतो. मग बांधीत गोल चट्टे करपतात आणि दुकानदार दुसरी बाटली काढतो. दोन औषधे मिसळून, दुप्पट मात्रेने मारण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नका.

आधी मोजा. तिरपे चालत 20 चूड बघा. चुडामागे एक कोळी असेल तर फुटव्याला दोन तुडतुडे होईपर्यंत थांबा. कोळी नसेल तर फुटव्याला एक झाला की फवारणी करा. तीही बुप्रोफेझीन 25 एससी, 10 लिटर पाण्यात 16 मिली, एकरी 200 लिटर पाणी, नोझल बुंध्याकडे. हे औषध तुडतुड्याच्या पिल्लांची कात अडवते, प्रौढ मारत नाही. दुसऱ्या दिवशी तुडतुडे दिसले म्हणून पुन्हा मारू नका. फवारणीआधी बांधीतले पाणी 3-4 दिवस काढा. युरियाचा हप्ता वाढवू नका, लुसलुशीत धानावर तुडतुडा जास्त येतो.

पुढच्या हंगामात माझे ऐका: रोवणी झाली की धुऱ्यावर (बांधावर) एकरी 8-10 तणसाच्या पेंढ्या उभ्या करा. कोळी त्यात आसरा घेतो आणि तिथून बांधीत उतरतो. खर्च शून्य. रोवणीत दर 2-3 मीटरवर फूटभर पट्टा मोकळा सोडा.

क्रॉपसॅपची (कृषी विभागाच्या कीड-रोग सर्वेक्षणाची) निरीक्षणे सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) मिळतील. औषध घेतलेच तर पक्के बिल घ्या.