वाचकांचे प्रश्न : सावल्यांचा खेळ मोबाईलवर

प्रश्न : आमच्या मंडळातर्फे फोंड्यात मलेशियाच्या वायांग कुलितचा, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळाचा, प्रयोग ठेवतोय. मोबाईलवर चित्रित करून छोट्या क्लिप टाकायच्या आहेत. चाचणीत पडदा नुसता पांढराफटक आला आणि पट्टे सरकत होते. काय करावे?

उत्तर : सभागृह अंधारे असल्याने फोन आपोआप उजेड वाढवतो, म्हणून पडदा पांढराफटक येतो. फोनमध्ये दिसणाऱ्या पडद्यावर बोट दाबून धरा, एक्सपोजर (फोन घेत असलेला उजेड) लॉक करा आणि उजेड थोडा खाली ओढा. पट्टे दिव्यामुळे येतात. आपली वीज मलेशियासारखीच ५० हर्ट्झची, तेव्हा शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. तरीही पट्टे दिसले तर दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर पूर्ण वर करा; मंद केलेला एलईडी फार लुकलुकतो.

उभे चित्रीकरण मात्र नको. मलेशियातल्या केलांतान राज्याच्या या खेळात रामायणातली पात्रे पडद्याच्या दोन टोकांना उभी राहून भांडतात. उभ्या चौकटीत एकच उरते. आडवे, फोर-के मध्ये घ्या. त्यातून १२१५ बाय २१६० पिक्सेलचा उभा तुकडा कापता येतो, क्लिपला तेवढा पुरतो.

खरी कसोटी आवाजाची. सगळी पात्रे एकटा दालांग, म्हणजे बाहुल्या नाचवणारा सूत्रधार, बोलतो आणि शेजारीच सरुनाई, म्हणजे सनईची बहीणच, कर्कश वाजते. दुसरा फोन दालांगजवळ, वाद्यांकडे पाठ करून ठेवा. रेकॉर्डिंगच्या मीटरवर सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. सुरुवातीला एक टाळी वाजवली की दोन्ही ध्वनी जुळवणे सोपे. मराठी उपशीर्षके तळाला चिकटवू नका, तिथे ॲपची बटणे येतात. आणि कलाकारांची लेखी परवानगी आधीच घ्या.