तेल न गाळता सोडणारा व्हॉल्व्ह

डिचोलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरच्या टिपरचा जुना ऑइल फिल्टर त्याने हॅक्सॉने कापला. आत एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह निघाला. तो उघडला की तेल न गाळताच इंजिनात जातं, हे कळल्यापासून पोरगा म्हणतो, "असला फिल्टर काय कामाचा? मी चांगला बनवीन." वडील विचारतात, "फिल्टर बनवणं हे काय करिअर झालं? भाचा कॉम्प्युटरला जाऊन बेंगळुरूत स्थिरावला. याला काय सांगू?"

नमस्कार,

आधी मुलाचं उत्तर देतो, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे.

तो व्हॉल्व्ह म्हणजे बायपास व्हॉल्व्ह. फिल्टर कचऱ्याने तुंबला किंवा तेल थंड होऊन घट्ट झालं, की आतल्या गाळणाऱ्या कागदातून पुरेसं तेल जात नाही. अशा वेळी दोनच गोष्टी शक्य असतात: इंजिनाला मळकं तेल द्यायचं किंवा तेलच द्यायचं नाही. मळक्या तेलाने बेअरिंग हळूहळू झिजतात. तेल नसेल तर काही मिनिटांत जाम होतात. म्हणून फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक ठरावीक आकड्यावर गेला, की स्प्रिंग दबते आणि वाट मोकळी होते. गाड्यांच्या इंजिनात हा आकडा साधारण अर्धा ते दीड बार असतो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब).

आपल्याकडची डिसेंबरची थंडी ती कसली! तरीही १५डब्ल्यू-४० हे ट्रकमधलं नेहमीचं इंजिन ऑइल ४० अंशाला जेवढं घट्ट असतं, त्याच्या साताठ पटींनी १०० अंशाला पातळ होतं. म्हणजे तेवढंच तेल त्याच कागदातून ढकलायला गाडी तापण्याआधी निदान साताठ पट दाब लागतो. तोच ट्रक लेहला नेला तर काय होईल, याचा हिशेब त्यालाच करू द्या. आकडा कमी ठेवला तर रोज सकाळी मळकं तेल आत. जास्त ठेवला तर व्हॉल्व्ह उघडायच्या आधीच एलिमेंट, म्हणजे तो गाळणारा कागदी भाग, चुरगळेल. स्प्रिंग जसजशी दबते तसतसा तिचा जोर वाढतो, म्हणून पुरता उघडलेला व्हॉल्व्ह पहिल्या आकड्यापेक्षा जास्त दाब मागतो. व्हॉल्व्ह कुठे बसवायचा तेही बघावं लागतं: साठलेल्या गाळाजवळ असेल तर उघडताच तो गाळ धुऊन आत नेतो.

आता हीच गोष्ट वेर्ण्याच्या औषध कारखान्यात न्या. इंजेक्शनचं द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्टरमधून जातं. तिथे बायपास ठेवणं हा गुन्हाच समजा. फिल्टर तुंबला तर काम थांबतं, एवढंच. विमानातल्या किंवा मशीनमधल्या, तेलाचा प्रवाह बारकाईने सांभाळणाऱ्या नाजूक सर्व्हो व्हॉल्व्हच्या आधीही अनेकदा बायपास नसलेला, जास्त दाब सोसणारा एलिमेंट घालतात. कुठे सोडायचं आणि कुठे अडवायचं, हे ठरवणं हेच या धंद्याचं खरं काम. पोरगा नेमका त्यावरच अडला, हे मला आवडलं.

आता तुमचा प्रश्न. "फिल्टर डिझायनर" अशी जाहिरात गोव्यात क्वचितच दिसेल, हे मान्य करा. वाट हायड्रॉलिक्स, लुब्रिकेशन, पंप आणि व्हॉल्व्ह अशा कामांतून जाते. वास्कोचं गोवा शिपयार्ड आहे, वेर्ण्याचे कारखाने आहेत, पुढे पुणे-चाकणचा वाहनउद्योग आहे. सुरुवातीचा पगार भाच्यापेक्षा कमी असेल, आणि घरी तुलना होणारच. पण खाणी बंद पडल्यावर टिपर दारात उभा राहिलेला तुम्ही पाहिलाय. एकाच गिऱ्हाइकावर चालणाऱ्या धंद्याची भीती तुम्हाला मी सांगायला नको. तेल, पाणी, औषध, इंधन, सगळं कुठे ना कुठे गाळावंच लागतं.

डिप्लोमावर थांबू नका. गुण चांगले असतील तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. फर्मागुडीचं सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज पहिलं बघा. घरची ओढाताण असेल तर आधी वर्षभर अप्रेंटिसशिप करून मग डिग्री करायलाही माझी हरकत नाही. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पास होण्यापुरतं शिकून भागणार नाही. थ्रीडी कॅड तर सगळेच शिकतात. त्याला चाचण्या कशा करतात ते वाचायला सांगा. आयएसओ १६८८९ ही मल्टिपास, म्हणजे तेल पुन्हापुन्हा फिल्टरमधून फिरवायची, चाचणी फिल्टरचा बीटा आकडा काढते. १० मायक्रॉनला बीटा २०० म्हणजे त्या किंवा त्याहून मोठ्या आकाराचे २०० कण आले, तर एक पलीकडे गेला. नुसतं "१० मायक्रॉन" छापलेल्या डब्यावर विश्वास ठेवू नये, हे त्याला तिथे कळेल.

तोवर एक काम द्या. कापलेल्या फिल्टरमधला व्हॉल्व्ह सोडवून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दाबायचा आणि किती वजनाला तो उघडू लागतो ते लिहायचं. भोक १६ मिलिमीटरचं असेल तर क्षेत्रफळ सुमारे २ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका बारला जवळपास दोन किलो. एलिमेंट दाबून धरणारी तळाची स्प्रिंग काही फिल्टरमध्ये वेगळी असते. तिच्यात घोटाळा करू नकोस म्हणावं. आणि काटा पुसून परत ठेव, नाहीतर आईचं पत्र मला वेगळं येईल.

आकडे मला कळवा.