कॉस्मेटिक सर्जरीनंतरचा वण कमी दिसावा म्हणून कोणतं क्रीम लावावं?

तुम्ही लिहिलंय की सर्जरीला दीड महिना झाला, वण अजून लालभडक आहे, क्रीम सुचवा. क्रीमकडे येतो, पण आधी एका कपाटाबद्दल सांगतो.

सहा वर्षांपूर्वी माझी गायनेकोमॅस्टियाची सर्जरी झाली. पुरुषाच्या छातीत वाढलेली स्तनग्रंथी काढतात, ती. दोन्ही बाजूंना स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेने अर्धगोल चीर. जागा मुद्दाम तिथली, कारण कातडीचा रंग जिथे बदलतो तिथे वण लपतो. सर्जन एकच, दिवस एकच, टाकेही एकाच जातीचे. आज उजवीकडचा वण मला स्वतःला शोधावा लागतो. डावीकडचा चांगला चार मिलिमीटर रुंद आहे, पांढुरका, चकचकीत, कातडी ताणून बसवल्यासारखा.

घरी मी खरं सांगितलं नव्हतं. ‘छातीतली साधी गाठ काढली’ एवढंच. कारण दादा. शाळेपासून त्याचं एकच पालुपद: जोर काढ, पळायला जा, आपोआप जाईल. चरबी जाते हो, ग्रंथी जात नाही. हे मी पंधरा वर्षं जोर काढून सिद्ध केलं होतं, तरी त्याचं चालूच.

सर्जरीनंतर अठराव्या दिवशी दादाने घर बदललं. लोखंडी कपाट, अरुंद जिना आणि माणसं कमी. ‘गाठच काढली ना, तीही साधी? मग धर की एक बाजू.’ नाही म्हणायचं तर खरं सांगावं लागणार. धरली. जिन्याच्या वळणावर कपाट कलंडलं, मी डाव्या हाताने वर रेटलं आणि आत चर्रकन काहीतरी झालं. रात्री आरशात पाहिलं तर डावीकडच्या पेपर टेपवर टाचणीच्या डोक्याएवढा ओला गुलाबी ठिपका.

तिसऱ्या आठवड्यात जखम वरून मिटलेली दिसते, पण तिची ताकद मूळ कातडीच्या पाव हिश्शाच्या आसपास असते. पूर्ण भरल्यावरसुद्धा ती साधारण 80 टक्क्यांपुढे जात नाही. ताण पडला की वण रुंदावतो, आणि रुंदावलेला वण कुठल्याही ट्यूबने अरुंद होत नाही. पेपर टेप लावतात ती याचसाठी. मळकी दिसते म्हणून चार दिवसांत ओढून काढणाऱ्यांचं मला काही कळत नाही.

मग सगळं सांगावंच लागलं. दादा म्हणाला, ‘उघडं ठेव, हवा लागू दे, खपली धरली की झालं.’ अपराधी वाटत होतं म्हणून ऐकलं. खपली धरली, शर्टाला घासून निघाली, पुन्हा धरली. असं तीनदा. जॉर्ज विंटरने 1962 मध्येच डुकरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने येते. हे दादाला वाचून दाखवलं तर म्हणाला, ‘तू डुक्कर आहेस का?’ वहिनीने व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावायला सांगितली, त्याने आठवड्यात पुरळ आलं. 1999 च्या एका छोट्या अभ्यासात 15 जणांपैकी दर तिघांतल्या एकाला हेच झालं होतं, आणि वणाला फायदा तर जवळपास कुणालाच नाही.

आता तुमचं उत्तर. दीड महिन्यात वण लालच असतो. बहुतेकदा पहिले दोन-तीन महिने तो जास्तच वाईट दिसतो, नेमकी तेव्हाच माणसं घाबरून महागड्या ट्यूबा आणतात. फिकट आणि मऊ व्हायला वर्ष-दीड वर्ष धरा. लावायचंच तर सिलिकॉन, जेल किंवा शीट. जखम पूर्ण मिटलेली हवी, शीट दिवसाचे बारा तास तरी अंगावर हवी, आणि निदान दोन-तीन महिने. चार दिवस लावून ‘फरक नाही’ म्हणू नका. वण उघड्यावर असेल तर ऊन लागू देऊ नका, 30 एसपीएफच्या वरचं सनस्क्रीन लावा, नाहीतर तो काळा पडतो आणि तसाच राहतो. सिगारेट बंद.

आणि घरच्यांना खरं सांगा. काय कापलं ते नका सांगू हवं तर, पण ‘इतके आठवडे वजन उचलायचं नाही’ अशी सर्जनची चिठ्ठी मागून घ्या. माझ्याकडे चिठ्ठी असती तर दादाने दोन हमाल लावले असते. तो अजून डाव्या वणाकडे बोट दाखवून म्हणतो, ‘बघ, एवढं करून काय मिळवलंस?’ दादा, उजवा वण सर्जनचा आहे. डावा तुझ्या कपाटाचा.

एक राहिलंच. वण चिरेची हद्द सोडून बाजूच्या चांगल्या कातडीवर पसरत असेल, खाजत, ठणकत असेल, तर ते कीलॉइड असू शकतं. छाती, खांदे, कानाची पाळी इथे ते जास्त होतं आणि घरात कुणाला असेल तर शक्यता वाढते. तिथे माझं काही ऐकू नका, सर्जनला दाखवा. त्यावर वणातच स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. नुसतं कापून काढलं तर बहुधा परत येतं, पहिल्यापेक्षा मोठंही. पू, ताप किंवा पसरणारी लाली असेल तर आजच जा. तुमची सर्जरी कसली ते तुम्ही लिहिलं नाहीये, त्यामुळे वजन कधीपासून उचलायचं आणि मसाज कधी सुरू करायचा हेही त्यांनाच विचारा.