कल्पना परक्या मुलखात गेली की बिघडते का?

तुमचे प्रश्न दोन आहेत: एका संस्कृतीतली कल्पना दुसरीत गेली की बिघडते का, आणि भाषा, कला, इतिहास यांचे अभ्यासक एकाच गोष्टीबद्दल वेगवेगळं का बोलतात. मी नाशिकचा, त्यामुळे उदाहरणं इथलीच देतो.

मला वाटतं, बिघडत नाही. घेणारा गरजेपुरतं उचलतो, बाकीचं सोडून देतो. शत्रूचंही बिनदिक्कत उचलतो.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली चांदीची १३,००० हून जास्त नाणी सापडली, क्षहरात या शक क्षत्रप घराण्यातल्या राजा नहपानाची. नाण्यावर राजाचा चेहरा घालायची रीत ग्रीकांकडून आलेली. भोवती अक्षरंही ग्रीक, पण वाचलीत तर भाषा प्राकृत! मागच्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी या इथल्या लिप्या. नंतरच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर त्या ग्रीक अक्षरांची नुसती नक्षी उरली. या साठ्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर नहपानाचा शत्रू, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप मारलाय. त्याने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असं त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख सांगतो, आपल्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात. (पांडवांचा तिथे काडीचा संबंध नाही, लेणी बौद्ध भिक्षूंची. पण लोकांनी ती पांडवांना देऊन टाकली.) वंश बुडवला, चांदी मात्र वापरली. पुढे पुळुमावी, यज्ञश्री या सातवाहनांनी स्वतःच्या चेहऱ्याची चांदीची नाणी पाडली. एवढंच नाही, तिसऱ्या लेण्याची घडण बरीचशी दहाव्याच्या वळणावर गेलीय, आणि दहावं लेणं नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं.

आता दुसरा प्रश्न. दहाव्या लेण्यातले उषवदाताचे लेख भाषेच्या अभ्यासकाला दिसतात ते संस्कृत-प्राकृताच्या सरमिसळीसाठी. आर्थिक इतिहासवाला थेट व्याजावर जातो: नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे (म्हणजे विणकरांच्या संघांकडे) कायमची ठेव, २,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) दरमहा शेकडा एक दराने, १,००० शेकडा पाऊण दराने, त्यातून भिक्षूंची वस्त्रं आणि वरखर्च. दोघंही बरोबर, प्रत्येकाचा प्रश्न वेगळा. पण एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कामी येतं. नाण्यावरचा छापावर छाप बघून नाणेशास्त्रवाल्याने आधी नहपान, मग सातकर्णी असा क्रम पक्का केला, की कलेच्या अभ्यासकाला दोन लेण्यांतलं आधीचं कोणतं ते सांगणं सोपं जातं.

कधी आलात तर आधी दहावं लेणं बघा, मग तिसरं. उलट गेलात तर कुणी कुणाचं उचललं ते कळणार नाही. आणि सकाळी लवकर या, चढ दमवतो.