‘अहो बाबा’ कधीपासून?

*ताई, नमस्कार.*

*मी ४३ वर्षांचा, एअरबस ए३२१वर कॅप्टन. २०१९मध्ये इथली माझी कंपनी बंद पडली, काही महिन्यांचा पगार बुडाला. वर्षअखेरीस एका एजन्सीमार्फत व्हिएतनामच्या विमानकंपनीत लागलो, बेस हो ची मिन्ह सिटी. मार्च २०२०मध्ये कोविडमुळे करार थांबला आणि दोन वर्षं घरी बसून फुकट गेली. २०२२मध्ये त्यांनी परत बोलावलं. तेव्हापासून वीस दिवस ड्यूटी आणि दहा दिवस घरी, असं चालू आहे.*

*आता करार संपतोय आणि तीन वर्षांची मुदतवाढ समोर आहे. पत्नी बँकेत आहे. ती तिकडे यायला तयार नाही आणि मी तिकडे राहिलेलंही तिला नको आहे. इथे परत आलो तर हातात येणारा पैसा कमी होईल, सीनिऑरिटीच्या यादीत तळाशी जाईन. घराचे हप्ते अजून चार वर्षं आहेत. मी वर्षाला १२० दिवस पूर्णवेळ घरी असतो. रोज रात्री थकून येणाऱ्या बापांपेक्षा हे जास्तच झालं. मला व्यसन नाही, दुसरी काही भानगड नाही. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिची काही तक्रार नाही. उलट इतकी शहाणी झालीय की कोणी न शिकवता मला ‘अहो बाबा’ म्हणायला लागलीय. फक्त पत्नीला हे कसं पटवून द्यायचं ते सांगा.*

*— एक कॅप्टन*

कॅप्टन,

पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी हातात पेन्सिल घेतली आणि एकाच वाक्याखाली रेघ ओढली. पत्नीच्या, पगाराच्या किंवा सीनिऑरिटीच्या वाक्याखाली नाही. ‘कोणी न शिकवता मला अहो बाबा म्हणायला लागलीय’ या वाक्याखाली. तुम्ही ते कौतुकाने लिहिलंय. मला ते वाचून पोटात गोळा आला.

आधी काय म्हणायची ती? तुम्ही लिहिलेलं नाही, पण ‘म्हणायला लागलीय’ यातच उत्तर आहे. ‘ए बाबा’ म्हणत असणार. ‘ए बाबा, हे बघ.’ ‘ए बाबा, तू खोटं बोलतोयस.’ आईला आजही ‘ए आई’च म्हणते ना? मग बदललं कोण?

‘अहो’ला माझा विरोध नाही. आमच्या घरी वडिलांना आम्ही पाचही भावंडं ‘अहो अण्णा’ म्हणायचो. त्यांच्या खांद्यावर बसून, त्यांचे केस धरून ‘अहो अण्णा, पळा ना’ म्हणायचो. ते आमच्याबरोबरच जन्मलेलं ‘अहो’ होतं, त्यात अंतर नव्हतं. तुमच्या घरातलं ‘अहो’ नंतर आलंय. नऊ वर्षांचं मराठी मूल ‘तुम्ही’ कोणाला म्हणतं ते आठवून बघा. शाळेतल्या बाईंना, डॉक्टरांना, सोसायटीतल्या काकांना, बाबांचे मित्र म्हणून चहाला आलेल्या माणसाला. ज्यांच्याशी नीट वागायचं असतं, ज्यांच्यासमोर हट्ट करायचा नसतो आणि जे थोड्या वेळाने जाणार असतात, अशांना. तिला हे कोणी शिकवलं नाही हे खरंच आहे. कोणी शिकवलं असतं तर मला एवढी काळजी वाटली नसती. तिने तुमची नोंद एका यादीतून काढून दुसऱ्या यादीत केली आणि तुम्हाला तो शहाणपणा वाटला.

मीही तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणतेय, कारण आपली ओळख नाही.

‘तिची काही तक्रार नाही’ हे वाक्य मी आता त्या शेजारी ठेवते. पाहुण्याकडे कोण तक्रार करतं?

तुमच्या १२० दिवसांचा हिशोब मात्र मला सोडवेना. माझा धाकटा भाऊ वैमानिक होता, त्यामुळे रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांच्या वेळापत्रकाचा कागद, मी जवळून पाहिलाय. दहापैकी पहिला आणि शेवटचा दिवस प्रवासात जातो. पोहोचल्यावर पुढचा अख्खा दिवस झोपेत जातो आणि ती झोप तुमच्या हक्काचीच आहे. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाचं शरीर सगळ्यांत मंदावलेलं असतं आणि तुम्ही त्याच वेळात जागे राहून दोनशे माणसांना घेऊन उडत असता. उरले सात. त्यात रविवार एकच. बाकीचे दिवस ती शाळेत. बँक, गाडी, म्हाताऱ्या माणसांचे दवाखाने आणि लायसन्ससाठी लागणारी क्लास वन मेडिकल, म्हणजे वैद्यकीय तपासणी, हे सगळंही त्याच सातात. रोस्टर बनवणारा टेटची गर्दी बघून बनवतो, कारण तिथला सगळा देश त्या चांद्र नववर्षाला घरी निघालेला असतो. आपली दिवाळी त्याच्या कॅलेंडरवर कुठे असणार? आणि वीस दिवस जे तिकडे असता, तेव्हा तुमचं घड्याळ दीड तास पुढे. ती आठ वाजता जेवायला बसते तेव्हा तुमचे साडेनऊ झालेले असतात आणि पहाटेचं रिपोर्टिंग असेल तर तुम्ही झोपलेले असता. रोज रात्री थकून येणारा तो बाप, ज्याच्यापेक्षा तुम्ही स्वतःला वर ठेवलंत, तो दात घासताना तिच्या मागे उभा असतो. चिडलेला असेल, मोबाइलमध्ये डोकं घातलेलं असेल, पण असतो.

हे तुमच्या धंद्याच्या भाषेत सांगते, म्हणजे तुम्हाला चटकन पोहोचेल. प्रवासी घेऊन उडायचं तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली असावी लागतात. नावावर दहा हजार तास असले तरी तो नियम कोणासाठी वाकत नाही. तुम्ही चांगले वैमानिक आहात की नाही हे तो विचारतच नाही, अलीकडे उडवलं का एवढंच विचारतो. कोविडनंतर परत गेलात तेव्हा थेट कॉकपिटमध्ये नाही बसवलं तुम्हाला, आधी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये बसवलं. त्याचा तुम्हाला अपमान वाटला नसणार, कारण हात विसरतात हे तुम्हाला ठाऊक आहे. मग बाप म्हणून मागच्या ९० दिवसांत तुम्ही काय काय केलंत ते लिहून काढा. तिला घेऊन गेलेली सहल, आणलेली सायकल, दिलेला टॅब यातलं काही लिहू नका. तिला ताप आला तेव्हा रात्री उठून कपाळाला हात कोणी लावला? मैत्रिणीशी भांडण झालं तेव्हा तिने ते आधी कोणाला सांगितलं? त्या भांडलेल्या मैत्रिणीचं नाव तरी माहीत आहे का तुम्हाला?

आता त्या ‘फुकट गेलेल्या’ दोन वर्षांबद्दल. ते वाचून मला तुमचा राग आला, आणि मी तो लपवणार नाही. मार्च २०२०मध्ये ती साडेतीन वर्षांची असेल आणि तुम्ही परत गेलात तेव्हा साडेपाचची. म्हणजे ज्या दोन वर्षांत मूल बोलायला, भांडायला, गोष्टी रचायला, अक्षर काढायला शिकतं, त्या वर्षांत पगार नसलेला, चिंतेत असलेला, दाढी वाढलेला एक बाप चोवीस तास घरात होता. तिच्या तोंडात ‘ए बाबा’ पक्कं बसलं ते तेव्हा. तुमच्या लॉगबुकात त्या दिवसांत एकही तास नाही म्हणून तुम्ही ती वर्षं तोट्याच्या रकान्यात टाकलीत. तिच्या हिशोबात तुमच्या नावावर जे काही जमा आहे ते बहुतेक सगळं त्याच दोन वर्षांतलं आहे, आणि गेली काही वर्षं तुम्ही त्यातूनच खर्च करताय.

पत्नीला कसं पटवायचं ते मी सांगणार नाही. ती नोकरी करते, घर चालवते, तिचं म्हणणं तिने स्पष्ट मांडलंय. तिची वकिली करायला तिला माझी गरज नाही. पण तुम्ही सगळा प्रश्न तिच्या हट्टाचा करून टाकलात, कारण तिच्याशी वाद घालता येतो. ‘अहो बाबा’शी वाद घालता येत नाही.

ती मुदतवाढ सहीसाठी समोर आली की सही करू नका. तीन वर्षांची नको, एक वर्षाचीही नको, ‘फक्त हप्ते फिटेपर्यंत’ अशीही नको. हप्ते चार वर्षांचे आणि करार तीन वर्षांचा, म्हणजे तीन वर्षांनी तुम्ही आणखी एका वर्षासाठी मला पुन्हा पत्र लिहाल. कर्जाची मुदत बँकेकडून वाढवून घ्या. तुमची पत्नी बँकेतच आहे, कसं करायचं ते तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. गाडी विकावी लागली तर विका.

पैसा कमी होईल, हे खरं आहे. यादीच्या तळाशी जाल, हेही खरं. इतकी वर्षं कॅप्टन असलेल्या माणसाने आपल्याहून तरुण लोकांच्या मागे रांगेत उभं राहायचं, मनासारख्या सुट्या मिळायच्या नाहीत, सणाला ड्यूटी लागायची. ते टोचणार. पण सणाच्या दिवशी ड्यूटी करून रात्री घरी येणं आणि सणाला समुद्रापलीकडच्या हॉटेलात असणं यात फरक आहे.

आणि तुम्ही काही बंद दारावर टकटक करायला येत नाही आहात. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३मध्ये ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली, इंडिगोने त्याच जूनमध्ये ५०० विमानांची. तुमचं टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक विमान उडवण्याची परवानगी, ज्या ए३२० कुटुंबाचं आहे (तुमचं ए३२१ त्यातलंच), तीच विमानं यात शेकड्यांनी आहेत. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली, आणि २०२५च्या डिसेंबरात वैमानिक पुरेसे नाहीत म्हणून इथली उड्डाणं किती रद्द झाली ते तुम्ही तिथे बसून वाचलं असेलच. अनुभवी कॅप्टनची इथे गरज आहे. तिकडच्या कराराला तुम्ही जे सुरक्षित समजताय, ते किती सुरक्षित आहे हे मार्च २०२०ने तुम्हाला दाखवलंय. एजन्सीमार्फत आलेल्या परदेशी माणसाचा करार थांबवायला एक ईमेल पुरतो.

आता वयाचं बघा. वैमानिकाला ६५पर्यंत विमान उडवता येतं. तुम्ही ४३चे, म्हणजे मेडिकल नीट राहिली तर अजून २२ वर्षं हातात आहेत. व्हिएतनाम कुठे जात नाही, कोरिया आणि जपानही जात नाहीत. मुलगी अठराची झाल्यावर, तिला तुम्ही घरात नसलेलेच बरे वाटायला लागल्यावर, खुशाल जा. तेव्हा तुम्ही ५२चे असाल. सही केलीत तर मात्र करार संपेल तेव्हा ती बारा-तेराची असेल. त्या वयाच्या मुलीच्या खोलीचं दार बापासाठी तसंही अर्धंच उघडं असतं. पाहुण्यासाठी तेवढंही नसतं.

एक गोष्ट करू नका. घरी गेल्यावर तिला जवळ बसवून ‘तू मला अहो का म्हणतेस, ए म्हण’ असं सांगू नका. ती शहाणी आहे, लगेच ऐकेल आणि तुमच्या समाधानासाठी ‘ए बाबा’ म्हणेल. ते ‘अहो’हून वाईट. ती परीक्षा असल्यासारखी रोज कान लावूनही बसू नका. तुम्ही परत आल्यावर पहिले दोन-तीन महिने ती बहुतेक तुमच्याशी वाईट वागेल. उलट बोलेल, आईलाच हाक मारेल, तुम्ही केलेला डबा परत आणेल. तेव्हा भेटवस्तू आणू नका, आवाज चढवू नका आणि पत्नीकडे बघून ‘ही अशी का वागते?’ असं विचारू नका. डबा धुवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा. ती तुम्ही जाणार आहात की राहणार आहात ते बघत असेल, आणि ते बघायला मुलांना खूप दिवस लागतात.

एजन्सीला आज रात्रीच लिहा. कराराप्रमाणे जो नोटिशीचा काळ असेल तो पुरा करा, एकही ड्यूटी चुकवू नका, नाव खराब करून येऊ नका. त्याच वेळी इथल्या कंपन्यांकडे अर्ज टाका, म्हणजे ९० दिवसांच्या आत तुमचं लँडिंगही चालू राहील. पत्नीला फोनवर सांगा, दोन वाक्यांत, उपकार केल्यासारखं न सांगता. मुलीला मात्र काही सांगू नका. तारीख तर मुळीच देऊ नका, विमानकंपन्यांच्या तारखा हलतात हे तिला तुमच्यामुळे लहानपणापासून पाठ झालंय. बॅग घेऊन या, ती माळ्यावर टाका आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला शाळेत सोडायला जा. अकराव्या दिवशीही जा.