तुमचे प्रश्न : मुंग्या बघण्यात अभ्यास कसला?

प्रश्न : ताई, मुलगा साडेचार वर्षांचा आहे. त्याच्या बालवाडीत मुलं रोज बराच वेळ बाहेरच असतात, माती, काटक्या, किडे. बाई म्हणतात मूल नेईल तिकडे आम्ही जातो. घरी आल्यावर आज काय शिकलास विचारलं तर म्हणतो, मुंग्या बघितल्या. त्याच्या वयाची बाकीची मुलं शंभरपर्यंत आकडे म्हणतात हो. आमचं चुकतंय का?

उत्तर : चुकत नाहीये, फक्त हा प्रश्न त्याला नका विचारू, बाईंना विचारा आणि असा विचारा की मुंग्या बघितल्या, मग पुढे काय झालं? शाळा कशी आहे ते त्या उत्तरात कळतं. समजा पोरानं रांगेवर आडवं बोट फिरवलं, मुंग्या तिथवर येऊन गडबडल्या, आणि हा म्हणाला, यांना रस्ता कसा कळतो? आपण मोठी माणसं लगेच सांगून मोकळे होतो की अरे वासावरून जातात त्या, झालं, विषय संपला. जाणती बाई म्हणेल, तुला काय वाटतं? कोणी म्हणेल डोळ्यांनी, कोणी म्हणेल पुढचीच्या मागे मागे. मग दुसऱ्या दिवशी बाई त्याच वाटेवर कागदाचा तुकडा ठेवतील, मुंग्या त्यावरून बिनधास्त ये-जा करायला लागल्या की कागद हळूच फिरवतील, आणि आता त्या कुठं जातात हे बघायला सगळी पोरं पालथी पडलेली असतील. अंदाज बांधणं, ताडून बघणं, वाट बघणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं, सगळं झालं की यात.

आणि बाई नुसत्याच कोपऱ्यात मोबाईल बघत बसत असतील तर मात्र ती मधली सुट्टी, शिकणं वगैरे नाही. मुलाच्या कलानं घेणं म्हणजे मुलाला मोकाट सोडणं नव्हे, उलट मोठ्यांना जास्तच लक्ष द्यावं लागतं (म्हणूनच ते बऱ्याच ठिकाणी होत नाही, असं माझं मत).

शंभरपर्यंतचं म्हणाल तर आकडे म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. त्याला म्हणा, मला सात बिया दे. सातच देऊन थांबला तर त्याला मोजता येतं. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारी कितीतरी मुलं इथं मूठभर बिया आणून देतात. लिहिण्याचंही तसंच, चिखल मळून, बिया वेचून बोटांत ताकद येते, मग पेन्सिल धरायला त्रास होत नाही.

आणि हे आजकालचं फॅड नाही बरं का. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या बालशाळेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं तेव्हा त्यात मुलांचे स्वतःचे छोटे वाफे होते. आपल्याकडे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, मुलं शाळेत येईनात तर शाळाच कुरणात नेली.

प्रश्न : मी तिसरीला शिकवते. वर्गात चाळीसच्या वर मुलं, पोर्शन संपवायचा असतो, हे सगळं बालवाडीत ठीक आहे हो, पण आम्ही कसं करायचं?

उत्तर : सगळे विषय बाहेर न्यायची गरजच नाही. पाऊस पडून गेल्यावर आवारात डबकं साचतं ना, त्याच्या कडेनं खडूनं रेघ मारायला सांगा. तासाभरानं पुन्हा, मग पुन्हा. रेघा एकात एक आत सरकत जातात. रेघेवर सुतळी लावून ती पट्टीवर मोजली की परिमिती आली, दोन रेघांमधला फरक म्हणजे वजाबाकी, आणि पाणी गेलं कुठं हा प्रश्न मुलंच विचारतात, तुम्हाला बाष्पीभवन फळ्यावर लिहून सुरुवात करावी लागत नाही. मुलांचे पाच-सहाचे गट करा, प्रत्येकाला वेगळं डबकं. एखादा गट डबकं सोडून गोगलगाईच्या मागे जाईल, जाऊ द्या, फक्त ती काचेच्या तुकड्यावर ठेवून (कडा घासलेल्या हव्यात) खालून बघायला सांगा, चालताना तिच्या पायावरून, म्हणजे खालच्या पसरट भागावरून, लाटा सरकताना दिसतात. त्यावर ती पोरं जे पाच ओळी लिहितील ना, ते निबंधाच्या वहीत सहसा सापडत नाही.

तुमच्यासाठी एकच काम, खिशात छोटी वही ठेवा आणि मुलाचं वाक्य जसंच्या तसं लिहा, तारीख टाकून. पालकसभेत मार्कांपेक्षा ती वही जास्त कामाला येते.

प्रश्न : पडलं-झडलं तर? झाडावर चढू द्यायचं का?

उत्तर : द्यायचं, पण जी फांदी त्याला स्वतःला गाठता येत नाही तिथं उचलून बसवायचं नाही. जो आपला आपण चढला त्याला उतरायचा अंदाजही बऱ्यापैकी असतो. कुजकी फांदी, उघडी वायर, काचा, हे आधी तुम्ही बघून घ्यायचं कारण ते त्याला दिसत नाही, उंची मात्र त्याला दिसते. आणि खालून 'सांभाळ, पडशील' असं ओरडत राहू नका, त्यानं लक्ष उडतं. 'आता पाय कुठं ठेवणार?' एवढंच विचारा.