वाय-फाय जोडले की लॅपटॉप थिजतो

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून गावच्या वाचनालयाचा जमाखर्च व पत्रव्यवहार लॅपटॉपवर सांभाळतो. लॅपटॉप चार वर्षांपूर्वी घेतलेला असून त्यात विंडोज 11 आहे. गेल्या दोन महिन्यांपासून वाय-फाय जोडल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पडदा जागच्या जागी थिजतो. माउसचा बाण हलत नाही, आणि यूट्यूबवर भजन चालू असेल तर त्याचा आवाज एकाच अक्षरावर अडकून घर्रर्र वाजत राहतो. शेवटी पॉवरचे बटण दाबून धरावे लागते. वाय-फाय बंद असताना मात्र दिवसभर टंकलेखन केले तरी काही होत नाही. दुरुस्तीच्या दुकानात ‘फॉरमॅट मारून बघू, नाहीतर मदरबोर्ड’ असे उत्तर मिळाले. काय करावे?
— एक वाचक, वाई

उत्तर : सर्वप्रथम वाचनालयाचा हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा, कारण बटण दाबून लॅपटॉप बंद करताना उघडी असलेली फाइल कधी ना कधी बिघडतेच. फॉरमॅटचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगाची माहिती त्या घर्रर्र आवाजाची आहे. ध्वनीचा एक लहानसा तुकडा नेहमी आगाऊ भरून ठेवलेला असतो. पुढचा तुकडा भरायला प्रोसेसरला सवडच मिळाली नाही, की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजू लागतो. त्यात माउसचा बाणही थिजतो, म्हणजे केवळ ब्राउझर अडकलेला नसून विंडोजच्या गाभ्यात काहीतरी अडते आहे. पुढच्या वेळी असे झाले की कॅप्स लॉकचे बटण दाबून पाहावे. त्याचा दिवाही लागत-विझत नसेल, तर संशय पक्का समजावा. या गाभ्यात विंडोजसोबत ड्रायव्हर, म्हणजे एखादे उपकरण चालवणारे छोटे प्रोग्रॅम काम करत असतात, आणि त्यांतला एक जरी अडून बसला तरी सगळे यंत्र ताटकळते.

मात्र दोष वाय-फायचाच आहे, असे आपल्या निरीक्षणावरून अजून सिद्ध होत नाही. वाय-फाय बंद असताना आपण टंकलेखन करता आणि चालू असताना व्हिडिओ पाहता. व्हिडिओ दाखवण्याचे काम ग्राफिक्सचा ड्रायव्हर करतो, आणि तो अडला तरी लक्षणे हुबेहूब अशीच दिसतात. म्हणून इंटरनेट तेच ठेवून फक्त वाय-फाय वगळावे. मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडावा, मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट केबलवाटे लॅपटॉपला देण्याची सोय, चालू करावे, लॅपटॉपचे वाय-फाय बंद करावे आणि तेच भजन तासभर लावून ठेवावे. केबल मात्र डेटा वाहून नेणारी हवी. काही स्वस्त केबली नुसत्याच चार्जिंगच्या असतात. या परीक्षेतही लॅपटॉप थिजला, तर वाय-फाय निर्दोष समजून ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे वळावे.

तासभर सुरळीत चालला, तर वाय-फायचा ड्रायव्हर तपासावा. विंडोजचे बटण धरून एक्स दाबल्यावर येणाऱ्या यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडावे, नेटवर्क अडॅप्टर्सखाली वायरलेस किंवा वाय-फाय असे नाव असलेल्या ओळीवर दोनदा क्लिक करावे आणि ड्रायव्हर या टॅबमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबावे. विंडोज अपडेट आपल्या नकळत नवा ड्रायव्हर बसवते, आणि दोन महिन्यांपूर्वी अचानक सुरू झालेला त्रास पाहता मला पहिला संशय त्याचाच येतो. ते बटण फिके असेल, तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असे समजून, लॅपटॉपच्या तळावरील मॉडेल क्रमांकानुसार उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवावा. हे कामही टेदरिंगवरच करावे, नाहीतर निम्म्यावरच पडदा थिजायचा. फॉरमॅटला माझा विरोध आहे तो याचसाठी : दिवसभर खपून विंडोज नव्याने बसवले तरी पहिल्याच अपडेटमध्ये तोच ड्रायव्हर परत येऊन बसू शकतो.

त्याच खिडकीत पॉवर मॅनेजमेंट हा टॅब असल्यास, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची संगणकाला परवानगी देणारी खूण काढून टाकावी. झोपी गेलेले वाय-फायचे कार्ड, म्हणजे लॅपटॉपच्या आतला वाय-फायचा सुटा भाग, नीट जागे न होणे हेही थिजण्याचे एक कारण असते. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅब दिसत नाही. तेव्हा तो शोधत बसू नये.

एवढ्यानेही भागले नाही, तर खुद्द कार्ड बिघडले असण्याची शक्यता उरते. त्यासाठी काही शे रुपयांत मिळणारा यूएसबी वाय-फाय डोंगल आणावा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये आतले कार्ड ‘डिसेबल’ करून डोंगलवर काम करून पाहावे. लॅपटॉप थिजायचा थांबला, तर मी तरी तो तसाच वापरत राहीन. वाचनालयाच्या कामाला तेवढे पुष्कळ झाले. कार्ड बदलायचेच असेल, तर बहुतेक लॅपटॉपमध्ये ते 22 बाय 30 मिलिमीटरचे, एका स्क्रूने बसवलेले असते. काहींत मात्र बोर्डावरच डकवलेले असते. त्याला अँटेनाच्या दोन बारीक तारा टिचकीसारख्या दाबून बसवतात. त्यांतली एक जरी निसटली तरी वाय-फाय शेजारच्या खोलीतही पोहोचत नाही, म्हणून दुकानातून निघण्यापूर्वी राउटरपासून चार पावले लांब जाऊन पाहावे.

आणखी एक. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजच्या घडामोडींची नोंदवही, तिच्यातली ‘कर्नेल-पॉवर 41’ ही नोंद दाखवून कुणी मदरबोर्ड बदलायला सांगितले, तर घाबरू नये. मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते, एवढाच तिचा अर्थ. आणि बटण दाबून ते आपणच बंद केले होते.

प्रश्न : माझा लॅपटॉप थिजत नाही, पण ब्लूटूथचे हेडफोन लावले की वाय-फाय कासवगतीने चालते. हाही ड्रायव्हरचाच दोष का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : बहुधा नाही. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, आणि आपला राउटरही त्याच पट्ट्यात जोडलेला असावा. शिवाय लॅपटॉपमध्ये ही दोन्ही कामे सहसा एकच कार्ड करते. राउटरचे 5 गिगाहर्ट्झचे नेटवर्क निवडून पाहावे. मात्र ते भिंतींतून तितकेसे पार होत नाही, त्यामुळे जाड चिऱ्याच्या भिंतींच्या घरात राउटर असलेल्या खोलीतच बसावे लागेल.